आबा, तुम्ही मला पाणी दिलं नाही

आबा,

तुमच्या कबरीचा खड्डा उथळ खणला होता. धुळ्याच्या कबरस्तानात वरची काळी माती गेली की लगेच मुरूम लागतो, आणि खणणाऱ्या दोघांनी मुरूम लागताच हात आखडता घेतला होता. मी जळगावहून पोचलो तेव्हा तुमची पेटी अजून चर्चमध्येच होती. मी आधी खड्डा बघायला गेलो. लोक नंतर म्हणाले, शमूशेठला तिथंही माल तपासायची सवय सुटली नाही. म्हणू देत.

मी त्या दोघांना सांगितलं, अजून हातभर खाली जा.

"शेठ, इतलं बस शे," त्यातला एक म्हणाला.

"तुला बस असेल. या माणसानं जन्मात कोणाचं अर्धवट बुडणं चालवून घेतलं नाही. त्याला अर्धवट पुरू नकोस."

त्यांना काही कळलं नाही. पण माझा आवाज चढलेला ऐकून त्यांनी कुदळी उचलल्या.

तुम्ही कुठं जन्मलात, कुठं शिकलात, कोणकोणत्या मंडळ्यांत पाळक होतात, हे त्या दिवशी चौघांनी वाचून दाखवलं. त्यात माझं काही नाही. मला आपलं भांडण लिहायचं आहे. त्यातली तुमची बाजू आता गप्प झाली आहे आणि माझी झालेली नाही. असं एकतर्फी भांडायला मला आवडत नाही. बाजारातही समोरचा उठून गेला की मला पुढं बोलवत नाही. पण इलाज नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना आपल्या मंडळीची रीत ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडं तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. बाळाला पुढं आणतात, त्याच्यासाठी प्रार्थना करतात आणि परत आईच्या हातात देतात. पुढं तो मोठा झाला, विश्वास धरला, की त्यानं स्वतःच्या तोंडानं बाप्तिस्मा मागायचा. मग वर्गाला बसायचं, वडील मंडळींच्या, म्हणजे मंडळीनं नेमलेल्या वडीलधाऱ्यांच्या, प्रश्नांना उत्तरं द्यायची, सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची आणि हिवाळ्यात नदीवर जाऊन पाण्याखाली जायचं. तोपर्यंत प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला नाही. बाप ख्रिस्ती, आई ख्रिस्ती, याला तिथं किंमत नाही. माझ्या वडिलांचा बाप्तिस्मा पांझरा नदीत झाला होता आणि त्यापायी त्यांना गाव सोडावं लागलं होतं. मी तुम्हाला एकदा म्हणालोही, "आमच्या घरानं याची किंमत आधीच भरली आहे, आबा." तुम्ही म्हणालात, "ती त्यांनी भरली. पाण्यात वारसा लागत नाही."

ते नंतरचं. सुरुवात तुमच्या ओट्यावर झाली. तेव्हा मी जळगाव स्टेशनबाहेरची हातगाडी सोडून नुकतीच केळीची आडत सुरू केली होती. रूथशी माझं लग्न ठरत होतं. तिचे वडील पाचोऱ्याला शाळामास्तर. त्यांची एकच अट होती, मुलाचा बाप्तिस्मा झालेला पाहिजे. मी म्हटलं, होईल की. सकाळी सकाळी तुमच्याकडं आलो. तुम्ही सायकल उलटी करून चेनला तेल घालत होतात.

"आबा, बाप्तिस्मा पाहिजे."

"कशासाठी?"

"लग्न ठरलंय. मास्तरांची अट आहे."

"आणखी?"

"आणखी काय? एवढं पुरत नाही का?"

तुम्ही पायडल फिरवून चेन बघितली. "दुसऱ्या कोणी मला हे असं सांगितलं नसतं. पाठ केलेलं सांगितलं असतं."

"मी खरं बोललो."

"तीच तर पंचाईत केलीस. खोटं बोलला असतास तर मी तुला पाण्यात घातलं असतं आणि हिशेब तुझा नि देवाचा राहिला असता. आता मला माहीत झालंय."

मग मी माझ्या पद्धतीनं सुरू केलं. वर्गाला येतो म्हणालो. एकही रविवार चुकवणार नाही म्हणालो. या नाताळला नको तर पुढच्या हिवाळ्यात द्या, पण मास्तरांना आता सांगा की ठरलं आहे. एक एक पायरी खाली उतरत होतो. समोरचा माणूस कितीही घट्ट असला तरी तिसऱ्या-चौथ्या पायरीला डोळ्यांत काहीतरी हलतं, हा माझा अनुभव. तुमच्या डोळ्यांत काही हललं नाही.

"तू काय देणार आहेस हे मी विचारलंच नाही, शमुवेल. तुला काय पाहिजे हे विचारलं. तुला बायको पाहिजे. बरोबर?"

"बरोबर."

"मग बायकोचं बघू. पाणी राहू दे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः पॅसेंजरनं पाचोऱ्याला गेलात. सासरे पुढं कित्येक वर्षं हा प्रसंग रंगवून सांगायचे. तुम्ही त्यांच्याकडं बसलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "मास्तर, मुलगा खरं बोलतो. तोंडानं तिखट आहे, पण खरं बोलतो. लग्न मी लावतो." मास्तर म्हणाले, "आणि पाणी?" तुम्ही म्हणालात, "ते त्याचं तो मागेल. तुमच्या मुलीपायी मागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

लग्न तुम्हीच लावलंत. वडील मंडळी कुरकुरली, ती तुम्ही ऐकून घेतलीत. लोकांना वाटतं, मी तुमचे उपकार मानायला हवे होते. रूथही अजून तेच म्हणते. पण आमच्या धंद्यात समोरच्यानं अचानक सगळं मान्य केलं आणि बदल्यात काहीच मागितलं नाही, तर शहाणा माणूस आधी आपला खिसा चाचपतो. मी मागितलं ते मला मिळालं. त्याच्या बदल्यात मी जे द्यायला तयार होतो ते तुम्ही घेतलं नाही. सौदा झालाच नाही, आणि माल मात्र माझ्या घरात. माझा राग तिथून सुरू होतो. तुम्ही मला नाही म्हणाला असतात तर मी दुसरा रस्ता काढला असता. तुम्ही मला हो म्हणून नाही म्हणालात.

मग दर महिन्याचा पहिला रविवार. भाकरीचं ताट बाकाबाकानं फिरायचं. आमच्या बाकाशी आलं की रूथ तुकडा घ्यायची, आणि ताट माझ्या गुडघ्यांवरून पलीकडच्या माणसाकडं जायचं. मागं लहान मुलांबरोबर बसलो असतो तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसायचो. एकदा तुम्ही दारात मला म्हणालात, "तुला जड जात असेल तर त्या दिवशी मागं बस." मी म्हणालो, "मला कशाला जड जाईल? तुम्हाला समोरून दिसतं ते जड जातं का?"

"जातं," तुम्ही म्हणालात.

मी पुढच्याही रविवारी दुसऱ्याच बाकावर बसलो.

तुम्ही माणूस म्हणून वाईट होतात असं मला कधीच वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो. माझ्या धाकट्या मुलाला विषमज्वर झाला तेव्हा तुम्ही सायकलवरून बर्फ आणलात आणि वाटेत अर्धा वितळला म्हणून पुन्हा गेलात. माझी आडतीवर मारामारी झाली तेव्हा पोलीस चौकीत तुम्ही आलात आणि फौजदाराला म्हणालात, "हा आमच्या मंडळीतला." मी बाहेर आल्यावर विचारलं, "चौकीत मंडळीतला, आणि रविवारी?" तुम्ही हसलात. "रविवारीही मंडळीतलाच. उंबऱ्यावर बसलाय, एवढंच."

केळीच्या बागेतलं भांडण आठवतं? यावलकडच्या एका गावात तुम्हाला उपासना घ्यायची होती आणि मला त्याच बाजूला कापणी होती, म्हणून माझ्या जीपमधून गेलो. बागेत मजूर घड उतरवत होते. तुम्ही एक घड हातात घेऊन म्हणालात, "हे तर सगळं हिरवं आहे."

मला हवं तेच मिळालं. "आबा, केळी कच्चीच कापतात. शिरा भरल्या, फळाला गोलाई आली, की उतरवायची. झाडावर पिवळी होईपर्यंत थांबलो तर दिल्लीच्या वाटेवरच फुटून चिखल होईल. आधी आत घ्यायची, बंद खोलीत नीट ठेवायची, ती आत पिकते. तुम्ही माणसाला झाडावरच पिकवायला बघता."

तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. एवढा वेळ तुम्हाला गप्प केल्याचा मला आनंद झाला होता, तो लपवत नाही. गाडीत बसल्यावर म्हणालात, "केळीला कोणी विचारत नाही. कापणारा ठरवतो. इथं ज्याला उतरायचं त्यानंच सांगायचं असतं."

"नगरकडं तर तान्ह्या पोरांना पाणी देतात. ती काय ख्रिस्ती नाहीत?"

"आहेत. तिथं आई-बाप आणि मंडळी पोराच्या वतीनं हो म्हणतात आणि पोर मोठं झालं की ते हो आपलं करून घेतं. त्यांच्यात काय कमी आहे हे मी सांगणारा कोण? पण मला या मंडळीनं हे सोपवलंय, मी हे करतो."

"मग मी नगरला जाऊन घेतो."

"जा की. तुझ्याकडं जीप आहे."

"जाईनच."

"मग अजून गेला का नाहीस?"

मी गिअर बदलला. केळीचं माझं म्हणणं निम्मं तरी बरोबर होतं, असं मला अजून वाटतं. रूथ म्हणते, निम्मं.

सगळ्यात चमत्कारिक म्हणजे नदीवरची जागा दर हिवाळ्यात मीच शोधायचो. गिरणेत नाताळच्या सुमाराला वाळूच जास्त. पाणी कुठं असतं तर वाळू उपसलेल्या खड्ड्यांत, आणि त्यांचा भरवसा नसतो. वरून गुडघाभर दिसतं आणि दोन पावलांवर माणूस गडप होतो. काठचे शेतकरी माझ्या ओळखीचे, म्हणून पहिल्या वर्षी तुम्ही सहज विचारलंत, आणि मग ते कामच माझं झालं. मी बांबू घेऊन पाण्यात उतरायचो, तळ सपाट आहे का बघायचो, तुमच्या छातीपर्यंत पाणी येईल अशी जागा धरायचो आणि चार कोपऱ्यांना बांबू रोवून दोरी बांधायचो. तुमची उंची बेताची. तुमच्या छातीचं पाणी माझ्या पोटाला लागायचं. काठावर घोंगडं पांघरून तुम्ही म्हणायचात, "दरवर्षी पहिला पाण्यात तू उतरतोस, आणि कोरडाच बाहेर येतोस."

"टॉवेल आणतो मी बरोबर," मी म्हणायचो.

पण काठावर उभं राहून मी तुमचं बोलणं ऐकायचो. दरवर्षी तेच. तुम्ही म्हणायचात, ही आंघोळ नाही. आंघोळ माणूस रोज करतो आणि रोज मळतो. या पाण्यात पवित्र असं काही नाही, वरच्या अंगाला म्हशी धूत आहेत. हे पुरणं आहे. ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला, आणि हा माणूस सगळ्यांदेखत सांगतो आहे की मी त्याच्याबरोबर मेलो, त्याच्याबरोबर पुरला गेलो आणि त्याच्याबरोबर उठतो आहे. यानं तो तारला जात नाही, तारण आधीच फुकट मिळालं आहे. हे त्याचं हो आहे. मग तुम्ही एक हात त्याच्या मानेखाली घालायचात, दुसऱ्यानं त्याचे जोडलेले हात धरायचात आणि मागं निजवायचात. क्षणभर पाण्यावर कोणीच नसायचं. काठावरचं गाणंही तेवढ्यापुरतं थांबायचं. मी धंद्याचा माणूस, पुष्कळ गोष्टी बघून विसरलो. ते रिकामं पाणी मी विसरत नाही.

'फुकट' हा शब्द मात्र मला कधी पचला नाही. फुकट मिळालेल्या मालाला काहीतरी खोट असते, हे मी हातगाडीवर शिकलो. तुम्हाला तसं म्हणालोही. तुम्ही म्हणालात, "खोट मालात नाही. घेणाऱ्याचा हात आखडतो."

आता दौलतचं वर्ष.

दौलत जामनेरचा. वजनकाट्यात हातचलाखी करून त्यानं मला एक अख्खा हंगाम फसवलं होतं. तो कुठल्या तरी प्रार्थनासभेत रडला, मंडळीत आला, वर्गाला बसला आणि त्याच्या साक्षीवर तुम्ही हो म्हणालात. मी तुमच्या ओट्यावर येऊन आरडाओरडा केला. "मी खरं बोललो तर मला नाही. हा जन्मभर खोटा, याला हो?"

"त्यानं मागितलं," तुम्ही म्हणालात.

"मीही मागितलं होतं!"

"तू बायको मागितली होतीस, शमुवेल."

तरीही त्याच्यासाठी जागा शोधायला मीच गेलो. आदल्या दिवशी बांबू रोवले, दोरी बांधली. सकाळी सगळे काठावर आलो तर पाणी चढलेलं. रात्रीतून धरणाचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं होतं आणि कोणाला ठाऊक नव्हतं. बांबू होते, पण पाणी तुमच्या गळ्यापर्यंत. मी म्हणालो, आज नको. तुम्ही ऐकलं नाहीत. दौलतला घेऊन आत गेलात. त्याला मागं निजवायला वाकलात आणि वाळू सरकली. दौलत खाली, तुमचा हात त्याच्या मानेखाली, आणि तुम्हीही खाली चाललेले.

मी कपड्यांसकट उडी टाकली. पोचेपर्यंत मीही एकदा पुरता पाण्याखाली गेलो. नाकातोंडात वाळू गेली. मग माझे पाय टेकले. मी तुम्हाला मागून कमरेला धरलं, वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. तुम्हाला दम लागला होता, थंडीनं कुडकुडत होतात, पण हात सुटला नव्हता. तुम्ही दौलतला वर काढलंत, खोकलात आणि म्हणालात, "नीट झालं नाही. पुन्हा." आणि मी तुम्हाला धरलेलं असताना, ज्या माणसानं मला फसवलं त्याला तुम्ही पुन्हा सावकाश निजवलंत, शब्द सगळे म्हणालात, उठवलंत.

काठावर म्हशी घेऊन आलेले शेतकरी टाळ्या वाजवत होते. "ओ आबा, शेठ बी बठ्ठा वल्ला व्हयना! त्यानं बी करी टाका!" शेठही भिजलाच आहे, त्याचाही बाप्तिस्मा उरकून टाका, यावर सगळे हसले. मंडळीतलेही हसले.

मी हसलो नाही. बाहेर आल्यावर तुम्हाला गाठलं. तुमच्यावर दोन घोंगडी होती आणि दात वाजत होते.

"आबा, मी पाण्याखाली गेलो होतो. पूर्ण. केस बघा. आता काय राहिलं?"

"तू मला धरायला गेलास."

"पण गेलो ना?"

"गेलास. तू नसतास तर आज मी गेलो असतो, हे मी विसरणार नाही. पण तू माझ्यासाठी पाण्यात गेलास." आणि मग तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात.

आबा, ते बघणं मी ओळखतो. सौदा तुटायच्या बेतात असताना दोन्ही बाजूंना माहीत असतं की आता जो आधी बोलेल त्याच्या मनासारखं होणार नाही. त्या वेळी तुम्ही फक्त "मागतोस का?" एवढं म्हणाला असतात तर मी तिथंच, त्याच ओल्या कपड्यांत, हो म्हणालो असतो. आणि मी "द्या" म्हणालो असतो तर तुम्ही घोंगडी टाकून परत पाण्यात आला असतात. तुमचे दात वाजत होते तरी आला असतात, याची मला खात्री आहे. तुम्ही विचारलं नाहीत. मी मागितलं नाही. कोणीतरी चहाचा पेला तुमच्या हातात दिला. मी माझा शर्ट पिळला.

त्यानंतर दौलत एकदा माझ्या आडतीवर आला, काट्याचं कबूल केलं, हात जोडले. मी त्याला हाकलून दिलं. आता तो आमच्या पुढच्या बाकावर बसतो आणि भाकर घेतो. त्याचा काटा सुधारला का, तर सुधारला. मला त्याचाही राग येतो.

तुम्ही निवृत्त होऊन धुळ्याला मुलाकडं गेलात. मला वाटलं, आता विषय संपेल. उलट, भांडायला माणूस उरला नाही म्हणून तो वाढला. गेल्या हिवाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मी केळीची चांगली एक फणी काढून घेऊन आलो. खोलीत मंडळीतले पाच-सहा जण बसलेले. तुम्ही मला बघून विचारलंत, "केळीला काय भाव?"

"तुम्हाला काय करायचं? तुम्हाला चावतं तरी का आता?"

"चावत नाही. कुस्करून देतात."

मग तुम्ही माझं मनगट धरलंत. हातात जोर राहिला नव्हता. "शमुवेल, एक विचारायचं राहिलंय."

"विचारा."

तेवढ्यात तुमची सून औषध घेऊन आली. तुम्हाला उठवून बसवलं, पाजलं, परत निजवलं, आणि तुमचा डोळा लागला. मी बसून राहिलो. मंडळीतल्या एकानं स्तोत्र वाचायला घेतलं, ते संपलं, चहा झाला. तुम्ही उठला नाहीत. माणसं माझ्याकडं बघायला लागली, हा का जात नाही म्हणून. मी निघालो. पुढच्या आठवड्यात परत यायचं ठरवलं होतं. मधे मालाची घाई आली. मग धुळ्याहून फोनच आला.

तुम्ही काय विचारणार होतात याचा मी बराच विचार केला. रूथला सांगितलं. ती म्हणाली, "जेवलास का, हे विचारायचं असेल. आबा सगळ्यांना तेच विचारायचे." असेलही.

तुम्हाला पुरून आलो त्यानंतरच्या आठवड्यात नवे पाळक घरी आले. चांगला मुलगा आहे, शिकलेला आहे, गोड बोलतो. चहा घेताना म्हणाला, "शमूकाका, गिरणेतला तो प्रसंग सगळ्यांच्या तोंडी आहे. तुम्ही पूर्ण पाण्याखाली गेलात, स्वतःचा जीव धोक्यात घालून गेलात. आबा जुन्या वळणाचे होते. आपण तो बाप्तिस्मा धरून चालू. पहिल्या रविवारी भाकर घ्या. वडील मंडळींचं मी बघतो."

ज्यासाठी मी ओल्या कपड्यांत तुमच्याशी भांडलो होतो ते हा मुलगा माझ्या सोफ्यावर बसून, बिस्किट बुडवता बुडवता देत होता. मी घ्यायला हवं होतं. मी उभा राहिलो.

"तुम्ही कोण हो सूट देणारे?"

"काका, तसं नाही—"

"आबा इतकी वर्षं नाही म्हणाले ते काय त्यांना कळत नव्हतं म्हणून? मला विचारा."

"काय विचारू?"

"आबांनी विचारलं होतं ते."

त्याला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. शेवटी प्रश्नही मलाच सांगावा लागला. "कशासाठी पाहिजे, हे विचारा."

रूथ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मुलानं बशी खाली ठेवली. "काका, कशासाठी पाहिजे?"

या प्रश्नाची उत्तरं मी इतकी वर्षं तयार ठेवली होती. काही चांगली तिखट होती, तुम्हाला झोंबली असती अशी. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी म्हणालो, "लग्न झालं. पोरं झाली. धंदा उभा राहिला. आता यात मला काही नफा सुटत नाही. ज्याला हरवायचं होतं तो माणूसही गेला. तरी पाहिजे. द्यायला माझ्याकडं काही नाही. मी मागतोय."

बोलताना माझा आवाज नीट राहिला नाही. तो रागामुळं, असं मी रूथला नंतर सांगितलं.

पाळकानं खिशातून डायरी काढली. मग म्हणाला, "वर्गाला यावं लागेल." तेव्हा मला तो पहिल्यांदा बरा वाटला.

वर्गाला गेलो. दहावीच्या पोरापोरींमध्ये एका बाकावर, गुडघे वर घेऊन. वडील मंडळींसमोर उभा राहिलो. त्यांत आता दौलतही आहे. त्यानं मला प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. मी त्याला उत्तर दिलं, हे तुम्ही बघायला हवं होतं. साक्ष द्यायच्या दिवशी मी फार लांब बोललो आणि मधे दोनदा चिडलो, असं रूथ म्हणते.

येत्या रविवारी गिरणेवर जायचं आहे. जागा मी बघून ठेवली आहे. या वेळी धरणाच्या आवर्तनाचीही चौकशी केली. मला धरायला तो मुलगा असेल. त्याचे हात बारीक आहेत आणि मी जड माणूस. मानेखाली तुमचा हात असायला पाहिजे होता. नाही, याचं दुःख आहे, आणि ते कमी व्हावं अशी माझी फारशी इच्छाही नाही.

तुमच्यावरचा राग अजून आहे, आबा. तो सोडून पाण्यात उतरावं असं वर्गात सांगतात. मला जमलं नाही. तो घेऊनच उतरणार आहे. तुम्ही म्हणायचात, जुना माणूस तिथं पुरला जातो. माझ्यातला जुना माणूस निम्मा तर तुमच्याशी भांडूनच बनलेला आहे. तो खाली राहतो का माझ्याबरोबर वर येतो, ते रविवारी कळेल. खाली राहिला तर बरंच झालं म्हणायचं. पण मग मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं होईल, एवढं आताच सांगून ठेवतो.